पाठमोरी

आमच्या रेडिओ स्टेशनवर रोज सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी मयतांची यादी वाचली जायची, आणि ती मी वाचायचे. बावीस वर्षं वाचली. केंटकीच्या पूर्वेकडच्या आमच्या डोंगरात तेव्हा घरोघर फोन नव्हते, वर्तमानपत्र फक्त गुरुवारी यायचं आणि माणसं तर कुठल्याही वारी मरायची. त्यामुळे कोण गेलं, माती कधी, कुठल्या टेकडीवर, हे लोकांना माझ्याच तोंडून कळायचं. माझा नवरा म्हणायचा, "बर्निस, तुझा आवाज ऐकला की लोक हातातलं काम खाली ठेवतात." हे कौतुक होतं की टोमणा, ते मी कधी विचारलं नाही.

यादी संपली की एक संथ भजन लावायची पद्धत होती. तबकडी ठरलेली, एकच. १९७३च्या जूनमधल्या त्या मंगळवारी मी ती काढायला गेले, तर आमचे मालक हर्शेल यांनी ती आदल्या दुपारी खिडकीत उन्हात ठेवून तिचा पापड केलेला. मागे वळून दुसरं काही शोधायला वेळ नव्हता. टेबलावर एकच तबकडी होती, कालच टपालाने आलेली, रीथा सायझमोरची.

रीथा आमच्याच कोल्ड फोर्कची. तिचे वडील एलायहू आमच्या जुन्या बाप्टिस्ट चर्चमध्ये गाणं सांगायचे. त्या चर्चमध्ये वाद्य चालत नाही. एक माणूस ओळ सांगतो आणि बाकीचे सगळे ती सावकाश, वळणं घेत, पुन्हा म्हणतात. एलायहू गेल्यावर घरात रीथा आणि तिची आई ओमा दोघीच उरल्या. पोरीच्या गळ्यात बापाचा आवाज उतरला होता, आणि सोळाव्या वर्षी तिने तो कुठे आणून ओतला, तर माझ्या शनिवारच्या कार्यक्रमात, गिटार वाजवून. मीच तिला माइकसमोर उभं केलं होतं. ओमामावशीने त्याबद्दल मला कधी माफ केलं नाही. चार वर्षांनी रीथा गायिका व्हायला नॅशव्हिलला निघाली तेव्हा मायलेकींचं बोलणं तीन दिवस बंद होतं, आणि पुढे ते दोन वर्षं बंदच राहिलं.

तबकडीसोबत चिठ्ठी होती. "बर्निसताई, पहिली बाजू लाव. ट्रकवाल्याचं गाणं, ठेका चांगला आहे, तबकडीवाल्या कंपनीला त्याच्यावर आशा आहे. उन्हाळा संपेपर्यंत कुठे वाजलं नाही तर ते मला सोडून देणार, मग मी परत शिवणाच्या कारखान्यात. दुसरी बाजू नुसती जागा भरायला टाकली आहे. माझंच आहे ते. ऐकू नकोस."

आता तीन मयत वाचल्यावर ट्रकवाल्याचं गाणं कोण लावेल? मी तबकडी उलटी केली. आणि यादी वाचताना माझा आवाज जो खाली उतरलेला असतो, त्याच आवाजात म्हणाले, "आणि आता रीथा सायझमोर. कोल्ड फोर्कच्या आपल्या ओमामावशीची मुलगी. मावशीला आपण सगळेच ओळखतो."

एवढंच म्हणाले मी. देवाशपथ एवढंच.

गाण्याचं नाव होतं 'पाठमोरी'. मुलगी घर सोडून निघते आणि आई सिंकपाशी पाठ करून उभी आहे, एवढीच त्यातली गोष्ट.

मी पेटी उचलली, तू ताटली विसळत होतीस.
मी दार उघडलं, तू वळली नाहीस.

आणि शेवटचं कडवं असं की, एक दिवस मी येईन, नळ बंद असेल, सिंकपाशी कोणी नसेल, तेव्हा मी कोणाला हाक मारू? गिटार अगदी मागे, आवाज पुढे, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी तो चर्चमधला संथ हेलकावा. मी खुर्चीत बसून राहिले. पुढची जाहिरात लावायला विसरले, आणि ते माझ्या हातून त्याआधी कधी झालं नव्हतं.

दहा वाजता फोन आला. ब्लेव्हिन्सच्या दुकानातून.

"बर्निस, ओमामावशी कशाने गेली?"

"कोण म्हणतं गेली?"

"तूच म्हणालीस ना सकाळी? दुकानात सगळे डोळे पुसत होते. बायका तर भांडी घेऊन निघाल्यासुद्धा."

मी कपाळाला हात लावला. आमच्याकडे कोणी गेलं की शेजारणी रांधलेलं घेऊन जातात आणि पुरुष फावडी घेऊन. खड्डा भाड्याच्या माणसांनी खणायचा नाही, शेजाऱ्यांनीच खणायचा. म्हणजे फावडीही निघाली असणार.

फोन ठेवते न ठेवते तोच दुसरा वाजला. नॅशव्हिलहून. पलीकडे रीथा, रडत. तिच्या चुलतभावाने तिला कळवलं होतं.

"जिवंत आहे," मी आधी तेच सांगितलं. "ऐकतेस ना? तुझी आई जिवंत आहे. तिला ओळखतेस तू, फार जिवंत आहे."

मग झालेला घोळ मी सांगितला, तशी रीथा रडता रडता हसली. आणि मग तिने जे विचारलं ते मला अजून टोचतं.

"तिने ऐकलं का, ताई? काही म्हणाली?"

"तिच्याकडे रेडिओ कुठे आहे? तू गेल्यावर तिने तो माळ्यावर टाकला."

"हो," ती म्हणाली. "बरं झालं मग."

अकराला माझी कामाची पाळी संपली आणि मी गाडी काढून कोल्ड फोर्कला गेले. माफी मागायला तोंडावर जावं लागतं, फोनवर भागत नाही. ओमामावशीच्या पडवीत दोन टेबलं जोडून ठेवली होती. त्यावर मक्याची भाकरी, दोन हॅम, डंपलिंग घातलेली कोंबडी, आणि केळ्याच्या पुडिंगचे मी मोजले ते पाच वाडगे. चार बाप्ये फावडी भिंतीला टेकवून, बुटांना लाल माती तशीच, गुपचूप जेवत होते. आणि मधोमध, खुर्चीत, हात मांडीवर ठेवून, मयत बसली होती.

"मावशी, चूक माझी," मी पायरीवरूनच म्हणाले.

"तुझीच असणार. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर लोकांनी आधी चौकशी केली असती."

"तू गेलीस असं मी म्हटलं नव्हतं गं."

"नाही म्हटलंस. पण या गाढवांनी गुडघाभर खणलं." तिने मान चौघांकडे वळवली. "सांग रे ड्यूई, हिला सांग."

ड्यूईने घास गिळला. "आम्ही एलायहूकाकांच्या शेजारी खणत होतो. मागून आवाज आला, कोणासाठी खणताय रे? मी मान खाली घालूनच म्हटलं, ओमामावशीसाठी. मग डोक्यात आलं, हा आवाज ओळखीचा आहे."

"आणि ही काय म्हणाली माहितेय?" दुसरा म्हणाला. "म्हणे, मग नीट तरी खणा, एलायहूच्या रांगेत नाहीये."

सगळे हसले. मावशी हसली नाही. हसणं थांबल्यावर तिने मला विचारलं, "काय आहे त्या गाण्यात?"

ड्यूई म्हणाला, "चांगलं आहे, मावशी." आणि पुडिंगचा वाडगा पुढे ओढला.

"तुझ्याबद्दल आहे," मी म्हणाले.

"म्हणजे माझी तक्रार आहे. सगळ्या जिल्ह्याला ऐकवलेली." ती उठली. "पुन्हा वाजवायचं नाही."

"मावशी, त्या पोरीचं सगळं या तबकडीवर अडलंय. उन्हाळ्यात चालली नाही तर कंपनी तिला सोडणार आहे."

"स्वतःच्या पायाने गेली ती. मी ढकललं नव्हतं."

"एकदा ऐक तरी."

"बर्निस, माझ्या पोरीला माइकपुढे तू उभं केलंस. आज माझा खड्डा तू खणवलास. आता एवढं तरी माझं ऐकशील?"

मी शब्द दिला.

मी शब्द दिला आणि पुढचे तीन आठवडे रोज स्वतःला शिव्या घातल्या, आणि थोड्या मावशीलाही. ट्रकवाल्याचं गाणं मी दिवसातून दोनदा वाजवायचे, एका माणसाने म्हणून ते मागितलं नाही. 'पाठमोरी' एकदाच वाजलं होतं आणि फोन थांबत नव्हते. खाणीवरचे ड्रायव्हर मागत होते, शाळेतली मास्तरीण मागत होती. एका बाईने सांगितलं की गाणं ऐकल्यावर तिने ओहायोतल्या मुलाला सहा वर्षांनी पत्र टाकलं. रीथा मात्र तिकडे स्वतःची गाडी काढून गावोगावच्या स्टेशनांवर हिंडत होती, डिकीत तबकड्या, शेजारच्या सीटवर कार्यक्रम ठरवणाऱ्या साहेबांसाठी डोनटचे खोके. साहेब डोनट खायचे, ट्रकवाल्याच्या गाण्याचं अर्धं कडवं ऐकायचे आणि दुसऱ्या कोणाची तरी फोनवर चौकशी करू लागायचे. हे ती मला हसत सांगायची. ते हसणं मला ऐकवत नसे.

"लोक मागतात आणि तू एका म्हातारीला भितेस," हर्शेल म्हणाले.

"मग तुम्ही जाऊन विचारा."

"मी? मला अजून जगायचंय."

जुलैच्या पहिल्या आठवड्यात, एका सकाळी, मी आत जुन्या वस्तूंच्या विक्रीच्या कार्यक्रमाच्या चिठ्ठ्या लावत होते, तेवढ्यात दारात ओमामावशी. चर्चला जातानाची काळी हॅट, पर्स दोन्ही हातांत घट्ट. बाहेर ड्यूईचा ट्रक उभा होता.

"लाव," ती म्हणाली.

"काय लावू?"

"वेड पांघरू नकोस. रविवारी चर्चमध्ये तीन बायका गळ्यात पडून रडल्या. माझ्याबद्दल काय आहे ते सगळ्या गावाला ठाऊक आहे, मी सोडून."

मी तिला माझ्या खुर्चीत बसवलं आणि तबकडी लावली. प्रक्षेपणात न सोडता, फक्त त्या खोलीत. ती हॅट न काढता ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "परत." मी परत लावली. माझं सगळं लक्ष तिच्या चेहऱ्याकडे होतं, आणि तिथे मला काही म्हणजे काही वाचता आलं नाही. याचा मला त्या वेळी फार राग आला होता.

"आवाज एलायहूचा आहे," ती अखेर म्हणाली. "श्वाससुद्धा तिथेच घेते, जिथे तो घ्यायचा. नॅशव्हिलवाल्यांना ते मोडता आलं नाही."

"हो, मावशी."

"पण चुकलंय तिचं."

"काय चुकलंय?"

"ते तिला सांगेन. तू कोण?" ती उठली, पर्स सावरली. "वाजव. पण मयतांच्या मागे नको. विक्रीच्या कार्यक्रमानंतर लाव, जुन्या शेगड्यांच्या मागे. तिथे कोणी रडलं तरी फावडं घेऊन माझ्या दारात येणार नाही."

त्या दिवशी शेगड्या, एक शिवणयंत्र आणि दोन शिकारी कुत्रे विक्रीला होते. त्यानंतर मी 'पाठमोरी' लावलं, आणि रोज लावत राहिले. कोळशाचे ट्रक डोंगर उतरून शेजारच्या राज्यात जातात, ड्रायव्हर तिथल्या स्टेशनांना फोन करून मागू लागले. ऑगस्टमध्ये एका मोठ्या शहरातल्या स्टेशनने तबकडी उलटी केली. मग कंपनीलाही अचानक आठवलं की, अरे, हिला दुसरी बाजू आहे. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगपर्यंत गाणं देशभरातल्या आवडत्या गाण्यांच्या यादीत चौथं होतं. कंपनीतले लोक मासिकांना सांगत होते की आमचा या गाण्यावर पहिल्यापासून विश्वास होता. मी ते हर्शेलना वाचून दाखवलं, आणि ते इतके हसले की त्यांच्या कॉफीचं वाटोळं झालं.

रीथाला बस मिळाली, चार वादक मिळाले, चमचमता पोशाख मिळाला. मोठ्या गायकांच्या आधी तिला वीस मिनिटं द्यायचे. मला आनंद किती झाला म्हणून सांगू. पण पोरगी फोन करायची ती रस्त्यावरच्या बूथमधून, आणि दरवेळी एकच प्रश्न.

"तिने सांगितलं का, काय चुकलंय?"

"तुलाच सांगणार म्हणाली ना. ये आणि विचार."

"तारखा लागल्यात, ताई."

"तारखांचं मला सांगू नकोस. तू घाबरतेस."

एकदा टेक्सासहून म्हणाली, "हजार माणसं बसलेली असतात, आणि प्रत्येक ओळीला मला वाटतं, हीच असेल. इथेच मी आईवर अन्याय केलाय. ती म्हणाली असेल चुकलं, तर नक्की चुकलंय. ती उगाच बोलत नाही."

"मग गाताना काय करतेस?"

"गाते. आणखी काय करणार?"

ती आली पुढच्या वर्षीच्या एप्रिलात. एवढी मोठी बस आमच्या वाटेवर चढणार नव्हती, म्हणून ती खाली हमरस्त्याला ब्लेव्हिन्सच्या दुकानासमोर उभी केली आणि रीथाला मी माझ्या गाडीतून वर नेलं. सबंध वाटेत ती अंगठीशी चाळा करत होती. एक वळण राहिलं तेव्हा म्हणाली, "तू थांबशील ना?" मला काय, मी थांबणारच होते.

ओमामावशी दारात आली नाही. आम्ही आत गेलो तेव्हा ती चुलीपाशी होती. "बसा, भाकरी निवतेय," एवढं म्हणाली, जसं काही पोरगी सकाळी गेली आणि दुपारी परत आली. डुकराच्या चरबीत शिजवलेली घेवड्याची उसळ होती, मक्याची भाकरी, रानकांद्यावर परतलेली अंडी. रीथा दोनदा घेऊन जेवली. मावशीने विचारलं, बसमध्ये झोप लागते का. रीथा म्हणाली, लागते. मावशी म्हणाली, वादक दारू पितात का. रीथा म्हणाली, दोघे पितात. असं चाललं होतं. मला ओरडावंसं वाटत होतं, विचार ना गं बाई आता.

जेवण झालं. रीथा उठली आणि ताटल्या गोळा करून सिंकपाशी गेली. तिने नळ सोडला. समोर लहानशी खिडकी होती.

"माझी बस दिसते इथून," ती म्हणाली. "दुकान, रस्ता, पूल, सगळं."

"हो," मावशी टेबलावरून म्हणाली. "दारातून दिसत नाही. तंबाखूचं कोठार आडवं येतं. पडवीतूनही नाही. खालचा रस्ता दिसतो तो फक्त तिथून."

रीथाचे हात पाण्यात थांबले.

"तू गेलीस त्या दिवशी तुझी बस दुकानापाशी बराच वेळ थांबली होती," मावशी म्हणाली. "कोणाच्या तरी पेट्या टपावर चढवत होते. तू निळा कोट घातला होतास. चढलीस, मग परत उतरलीस. मला वाटलं, फिरतेस मागे."

"तिकीट खाली पडलं होतं," रीथा म्हणाली. तिचा आवाज मला ओळखू आला नाही.

"असेल. मग चढलीस. मग पूल ओलांडला बसने. मग मी नळ बंद केला."

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते मी थांबवलं नाही. ज्या पाठीपायी ती पोरगी देशभर रडत हिंडली होती, ती पाठ तिच्याकडे फिरवलेली नव्हतीच. आई तोंड करून उभी होती, तिच्याच रस्त्याकडे, पूल ओलांडेपर्यंत.

रीथा वळली. हातांतून साबणाचं पाणी टपकत होतं. "मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस कुठे? तू गाणं केलंस."

"आई."

"आणि मी पण मेली हट्टी. दोन शब्द बोलले असते तर काय जीभ झडली असती?" मावशी इतकं म्हणून थांबली, आणि मग तिचा चेहरा, जो मला कधी वाचता आला नाही, तो सगळा उघडा झाला. रीथा तशाच ओल्या हातांनी तिच्या गळ्यात पडली. मी ताटल्या विसळायला घेतल्या, कोणीतरी विसळायला हव्या होत्या.

निघताना रीथा म्हणाली, "मी ते गाणं आता गाणार नाही. खोटं आहे ते."

"खुळी की काय? गा." मावशीने तिच्या कोटाची कॉलर नीट केली. "कितीतरी पोरी अशा निघून आल्या असतील. ऐकून त्यातली एखादी घरी विचारायला जाईल. तुला ठाऊक झालं, मला एवढं पुरे."

मी रीथाला खाली सोडणार होते, पण ती म्हणाली, "नको ताई, मी चालत जाते. तू आईपाशी थांब." आणि ती एकटी उतरणीला लागली. ओमामावशी दारात गेली नाही. ती सरळ सिंकपाशी जाऊन उभी राहिली, आणि मी तिच्या शेजारी. बस निघाली, दुकानापासून रस्त्यावर आली, आणि पुलाच्या मधोमध थांबली. दार उघडलं. रीथा खाली उतरली, आमच्या टेकडीकडे तोंड करून उभी राहिली आणि तिने दोन्ही हात वर करून हलवले. मागे कोळशाचे तीन ट्रक अडकले, त्यांचे भोंगे इथपर्यंत ऐकू येत होते, तरी ती हलेना.

"रस्ता अडवलाय पोरीने," ओमामावशी म्हणाली. एवढ्या लांबून काचेमागचं माणूस दिसत नाही, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तरी तिने हात वर केला, आणि बस पुलापलीकडे जाईपर्यंत खाली घेतला नाही.